उद्घाटनाची पिल्लं

"पिल्लं हाईत का बाळंतीण? किती दिस शेक देत बसनार ही?"

पत्र्याच्या भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला आणि पाठोपाठ दोघातिघांचं हसणं. मी आत उकिडवी बसून बल्ब वर ओढत होते. ऐकू आलंच नाही असं दाखवायची मला सवय आहे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी घरच्यांना पुस्तकी वाटतं. एक वाक्य बोललं की त्याची नक्कल होते. म्हणून मी कमी बोलते आणि जास्त बघते. त्या दिवशी जे बघितलं त्याचा राग अजून उतरलेला नाही.

उचगावात आमच्या घरामागच्या खोलीत मी गावरान कोंबडीची पिल्लं वाढवत होते. खाली भाताचं तूस, भोवती पत्र्याचं गोल कडं, वर पिवळे बल्ब. आमचं ब्रूडर म्हणजे एवढंच. या पिल्लांना आईची ऊब नसते. ती बल्बांनी द्यायची आणि मग हळूहळू काढून घ्यायची. बल्ब वीतभर वर न्यायचा, एखादा विझवायचा आणि बघत बसायचं. पिल्लं पसरून झोपली तर ठीक, एकमेकांना चिकटली तर आपली घाई झाली. मला हे काम आवडतं. त्यात कुणाशी बोलावं लागत नाही, बघणं मात्र चुकवून चालत नाही.

त्यांच्या पंखांवर पिसं आली होती, पण पाठ आणि मान अजून नुसत्या लवेची होती. पाठ झाकली की शेतातल्या नव्या शेडमध्ये न्यायची, तीही ऊन वर आल्यावर, पडदे खाली सोडून, आणि सुरुवातीला तिथेही बल्ब ठेवून. हे सगळं मी काकांना सांगितलं होतं. त्यांनी मानही हलवली होती.

पण शेड काकांनी बांधून घेतली होती आणि तिचं उद्घाटन त्यांना थाटात करायचं होतं. तालुक्यातल्या एका पुढाऱ्यांनी संध्याकाळची वेळ दिली. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर पुढारी, काका आणि मध्ये कुठल्यातरी परदेशी जातीचा लालभडक कोंबडा.

"रिकाम्या शेडची फीत कापायची व्हय?" काका खोलीत येऊन म्हणाले. "लोकं हासतील की. भर क्रेट."

"त्यांना अजून थंडी सहन होणार नाही," मी म्हणाले.

"सहन होनार न्हाय म्हनं!" दारातून काकू हसल्या. "मग स्वेटर विनून घाल की एकेकाला."

मी आईकडे बघितलं. "आजच्या दिवस गप बस," आई म्हणाली. "उद्या परत आन त्यास्नी." जणू पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबश्याच होत्या त्या, उद्या धुऊन पुन्हा कपाटात ठेवायला.

क्रेट मीच भरले. दुसऱ्या कुणी भरले असते तर माना धरून कोंबली असती पिल्लं.

शेड शेताच्या टोकाला आहे. शेजारचा ऊस नुकताच तुटून गेला होता, त्यामुळे वाऱ्याला कुठे आडोसाच उरला नव्हता. त्यात दोन्ही बाजूंचे पडदे पार वर गुंडाळून बांधलेले. का, तर मांडवातल्या लोकांना जाळीतून पिल्लं दिसली पाहिजेत. मी दोरी सोडायला गेले तर काकांनी माझा हात बाजूला सारला. "हात लावू नगंस. अंधारात फोटो काळं येत्यात."

पुढारी उशिरा आले. तोवर ऊन गेलं होतं. हलगी सुरू झाली, फटाक्यांची माळ लागली आणि शेडमध्ये मोकळी सोडलेली सगळी पिल्लं एका कोपऱ्यात पळाली. गार लागलं आणि भ्याली की ती एकमेकांच्या खाली शिरतात. वरच्यांना ऊब मिळत नाही, खालच्यांना श्वास मिळत नाही. मी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी त्यांना वेगळं करत होते. वेगळी केली की पुन्हा ढीग. तळातली हाताला ओलसर लागत होती. एकाची मान माझ्या बोटांवरून लुळी पडली. ते मी बाजूला ठेवलं आणि पुन्हा ढिगात हात घातले.

"ताई, जरा सरकशीला काय?" जाळीबाहेर मोबाईल धरून उभा असलेला एकजण म्हणाला. "निसती तुमची पाठच येतीया."

मी सरकले नाही. माइकवरून काका सांगत होते, ही पिल्लं आपण कशी डोळ्यांत तेल घालून वाढवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी त्या खोलीत एकदाही बल्ब बदलला नव्हता.

नारळ फुटला. पुढाऱ्यांना फेटा बांधला, खांद्यावर शाल घातली, फीत कापली गेली आणि सगळा घोळका बूट घालूनच आत शिरला.

"वा वा वा!" पुढारी म्हणाले. "द्या बघू एक हातात. चांगलं गुबगुबीत बघून द्या, फोटोला."

"दे की गं," काका म्हणाले. "साहेब मागत्यात." मग पुढाऱ्यांकडे वळून, हसत, "लाजती जरा. विंग्रजी शाळंतली हाय."

सगळे हसले. माझ्या ओंजळीत एक पिल्लू थरथरत होतं. मी ते तसंच धरून उभी राहिले. समोर ती शाल होती. जाड, लोकरीची, तिच्या घड्याही अजून मोडल्या नव्हत्या.

"साहेब, ती शाल काढा आणि इकडे द्या," मी म्हणाले. "वारा अडवायला जाळीला बांधायची आहे. आणि काका, पडदे सोडा. मी वाढवलेलं एक मेलंय. दुसरं मरायच्या आत सोडा."