द्राक्षाची आकसलेली पानं

मित्रांनो, आज सकाळी आमच्या द्राक्षाची पानं आकसलेली दिसली. शेजारच्या अण्णांनी परवा उसात तणनाशक मारलेलं. मी तडक त्यांच्या दारात. "अण्णा, भायेर या!"

"आरं, आधी चहा घे, मग मार," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात कॉलेजातली मैत्रीण आठवली. पर्यावरणाच्या प्रोजेक्टला कृष्णेचं पाणी तपासताना म्हणायची, "तुझं उत्तर आधीच तयार असतं रे. कारखान्याच्या वरच्या अंगाचं पाणीपण बघ की!"

बागेत परतलो. अण्णांच्या बांधालगतच्या ओळी हिरव्यागार! आकसलेल्या फक्त मधल्या, आमच्या आबांनी काल औषध फवारलेल्या.

"आपल्या तणनाशकाचा पंप धुवायचा राहिला व्हय रं," आबा पुटपुटले.

कॉलेज सुटलं, तीही सुटली. हे तिला कळवावंसं लय वाटतंय. पण ती उत्तर देणार नाही, असं ठरवूनच बसलोय.

तेही एकदा तपासून बघू का?