उम्सुनाईला कोणी काही सांगेना

उम्सुनाईला एका जागी स्वस्थ बसलेलं कोणी पाहिलं असेल तर त्याने पुढे येऊन सांगावं. चहा ती उभ्यानेच प्यायची. जेवताना दहादा उठायची. जुमगालच्या खोऱ्यातून लग्न होऊन ती डोंगराच्या या अंगाला आली, तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात शेजारणींना सांगितलं होतं, "सून कसली आणलीय, वावटळ आणलीय घरात." पुढे सासू गेली, एकुलता एक मुलगा एल्दियार मॉस्कोला इमारतींच्या कामावर गेला, वावटळ मात्र होती तशीच राहिली. दर उन्हाळ्यात ती नवऱ्याबरोबर सोन-कोल तळ्याकाठच्या कुरणावर यायची, तंबू उभारायची, दुभत्या घोड्यांच्या धारा काढायची, त्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस घुसळायची आणि दिवसातून चारदा तरी मागच्या टेकाडावर चढायची. फोनला रेंज तिथेच यायची.

तिचं आणखी एक काम होतं आणि ते सगळ्या कुरणाला ठाऊक होतं. आमच्याकडे मरणाची बातमी माणसाच्या अंगावर फेकत नाहीत. आधी वडीलधारे जमतात, मग सगळे मिळून त्याच्या तंबूत जातात आणि आडवळणाने, बेताबेताने सांगतात. तोवर ज्याचं माणूस गेलं त्याला कसंही करून गुंतवून ठेवायचं, हे बायकांकडे. उम्सुनाई त्यात पक्की मुरलेली. एका बाईला तिने सकाळपासून पीठ मळायला लावलं होतं. आज पाहुणे येणार म्हणून सांगितलं आणि पाहुणे खरंच आले, पण कशासाठी ते त्या बिचारीला नंतर कळलं. "हात रिकामा ठेवू द्यायचा नाही," ती तरण्या सुनांना शिकवायची. "आणि तोंडाने गोड बोलायचं, पण फार गोड नाही. फार गोड बोललं की कळतं."

तर त्या दिवशी सकाळी शेजारची बुर्माकान आपल्या दोन सुना घेऊन दारात हजर झाली.

"चल गं, तुझा बुरणूस करून टाकू," ती म्हणाली. "लोकर कधीची पडलीय."

लोकर कधीची पडली होती हे खरं. बुरणूस, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कांबळं, एकटीने होत नाही, म्हणून उम्सुनाई महिनाभर बुर्माकानच्या मागे लागली होती आणि बुर्माकान रोज नवं दुखणं काढत होती. आज गुडघा, उद्या कंबर. आणि आज सकाळी सकाळी, धारा पुऱ्या व्हायच्या आत, काठ्या घेऊन स्वतःहून?

"कंबर बरी झाली वाटतं काकी?" उम्सुनाईने टोमणा मारून पाहिला.

बुर्माकान म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. एरवी तिने याच्या दुप्पट परत केलं असतं. आज नुसती हसली आणि म्हणाली, "झाली गं बाई. तू चहा घेतलास का?"

उम्सुनाईने तिथेच ओळखलं, आपलं कोणीतरी गेलं.

बायकांनी कातड्यावर लोकर पसरली आणि विलोच्या काठ्यांनी झोडायला सुरुवात केली. उम्सुनाई झोडत होती आणि एकीकडे हिशेब लावत होती. नवरा, शार्शेन, पहाटे घोड्यांमागे गेला होता. तासाभरापूर्वीच तो टेकडीच्या कडेने जाताना तिला दिसला होता, म्हणजे तो नाही. आई जुमगालला धाकट्या भावाकडे होती. ती थकलेली होती, पण ती गेली दहा वर्षं थकलेलीच होती. पिकल्या म्हाताऱ्या माणसासाठी एवढी लपवाछपवी कोण करतं? उरला कोण?

तिने काठी टाकली. "मी जरा टेकाडावर जाऊन येते. पोराचा फोन यायचा आहे."

"फोन कुठाय तुझा?" बुर्माकान पटकन म्हणाली. "आमच्या धाकटीने चार्जिंगला नेलाय ना. सकाळीच. तू धारा काढत होतीस."

"मी कधी सांगितलं तिला?"

"आता शेजारीपाजारी सांगायला लागतं का?"

धाकटी सून लोकरीकडे बघत राहिली. मान वर करीना. पोरगी कच्ची होती. उम्सुनाईने तिला स्वतः शिकवलं होतं की अशा वेळी नजर चुकवायची नसते, उलट डोळ्यात डोळा घालून काहीतरी फालतू विचारायचं. तिला त्या पोरीच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि मग तिचाच हात धरून, सांग गं, सांग, म्हणावंसं वाटलं.

पण तिने विचारलं नाही. विचारायचं नसतं. आजवर तिने जितक्या जणींना असं गुंतवून ठेवलं होतं, त्यांच्यातली एकही विचारू धजली नव्हती. तेव्हा तिला वाटायचं, आपण किती बेमालूम वागलो. आता तिला समजलं, त्या सगळ्यांना कळलेलं असायचं.

लोकर लव्हाळ्याच्या चटईवर अंथरली, वर उकळतं पाणी शिंपडलं, चटईची गुंडाळी करून दोरीने करकचून बांधली आणि बायका एका रांगेत तिला पायांनी लोटू लागल्या. बुर्माकानच्या तंबूजवळ एक घोडा येऊन थांबला. मग आणखी दोन. मग खोगिरावर लाल गालिचा टाकलेला तो करडा घोडा, ओस्मोनकुलचा. ओस्मोनकुल हा नवऱ्याच्या भावकीतला सगळ्यांत थोरला, पांढऱ्या दाढीचा. उम्सुनाई सून म्हणून त्याचं नाव कधी तोंडाने घेत नसे, पण त्याचा घोडा ती मैलावरून ओळखायची. तो उगाच कोणाकडे चहाला जात नसे. आणि आलेले सगळे नवऱ्याच्या भावकीतले होते. म्हणजे गेलेलं माणूस या घरचं.

ती मनात एल्दियारशी बोलू लागली. शेवटच्या फोनवर तो म्हणाला होता, आई, आठव्या मजल्यावर आहे, इथून सगळं शहर दिसतं. ती म्हणाली होती, मेल्या, शहर बघू नकोस, पायाखाली बघ. तो हसला होता. हे त्याचं शेवटचं हसणं असेल तर मी त्याला शेवटचं मेल्या म्हणाले, या विचारासरशी तिने गुंडाळी आणखी जोरात लोटली.

दुपारी शार्शेन आला. घोड्यावरून उतरला, लगाम खुंटीला बांधला आणि तिच्याकडे न बघता तंबूत गेला. त्याचे डोळे सुजले होते.

"अहो, कुमिस देऊ का?" तिने दारातून विचारलं.

"राहू दे."

तेवीस वर्षांच्या संसारात या माणसाने कुमिसला राहू दे म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं.

बुर्माकानने गुंडाळी उलगडली. "झाला की गं! किती छान बसलाय."

"नाही झाला," उम्सुनाई म्हणाली. "कडा सैल आहेत. अजून एक थर टाकू."

"अगं, आता कशाला…"

"टाकू म्हणते ना काकी!"

आयुष्यात कधी नव्हे ती उम्सुनाईला घाई नव्हती. बुरणूस संपला की माणसं येणार. जोवर कोणी बोलत नाही तोवर पोरगा आठव्या मजल्यावर उभा आहे, शहर बघतोय. तिने पुन्हा लोकर पसरली, पुन्हा पाणी उकळायला ठेवलं, बाह्या सरसावून मनगटापासून कोपरापर्यंत अख्खा हात टेकून दाबत, मळत राहिली. बुर्माकानच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने वाफेवर ढकललं.

शेवटी माणसं आलीच. सगळी एकदम, पायी, घोडे मागे ठेवून. ओस्मोनकुल तंबूत वरच्या अंगाला, दारासमोरच्या मानाच्या जागी बसला. शार्शेन त्याच्या बाजूला टोपी हातात घेऊन. बायकांनी उम्सुनाईला दोन्हीकडून धरून आत आणलं, तिचे हात अजून ओलेच होते.

"सूनबाई," ओस्मोनकुल म्हणाला, "पाणी डोंगरावरून येतं आणि खाली वाहून जातं. आलेलं कोणी थांबलं नाही. राजे थांबले नाहीत, पहिलवान थांबले नाहीत."

तिने हे शब्द कितीदा ऐकले होते. मागे उभी राहून, दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर हात ठेवून. तेव्हा म्हातारा किती शहाणपणाने बोलतो असं वाटायचं. आज त्याची दाढी उपटावीशी वाटत होती. बोल ना रे, बोल एकदाचं!

"तू धीराची आहेस. तू पुष्कळांना धीर दिलास. आज तुझी पाळी. जिने तुला नऊ महिने वाहिलं, जिचं दूध तू प्यालीस, ती तुझी आई काल संध्याकाळी…"

"देवा, तुझे उपकार!" उम्सुनाई ओरडली.

रडं सुरू करायला बुर्माकानने तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. आपण काय बोललो ते उम्सुनाईला कळलं तेव्हा तिने ओला हात तोंडावर दाबला, पण शब्द सगळ्यांनी ऐकले होते. आई मेली आणि ही देवाचे उपकार मानते! शार्शेनला उमगलं. तो मान खाली घालून नुसता म्हणाला, "पोरगा खुशाल आहे गं. सकाळी बोललो मी त्याच्याशी." त्यावर ती रडली, पण ते रडणं आईसाठी नव्हतं आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गाडीने ती जुमगालला पोचली. भावाच्या अंगणात शोकाचा तंबू उभा होता. बाहेर पुरुष काठ्यांवर वाकून हंबरडे फोडत होते. आत बायका भिंतीकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून बसल्या होत्या आणि गेलेलीचे गुण गात रडत होत्या. लेक येते तेव्हा तिने दारातूनच गात यायचं असतं. लोक त्यासाठीच कान देऊन असतात. कोणाची लेक कशी गायली, हे वर्षभर बोललं जातं.

उम्सुनाई न गाताच आत येऊन थोरल्या बहिणीशेजारी, कालबुबूशेजारी, बसली. हात कमरेवर ठेवले. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बांधतात तशा आईच्या पांढऱ्या फेट्याबद्दल, तिच्या हातच्या भाकरीबद्दल ती काही गाऊ पाहत होती, पण एकही ओळ जुळेना. अखेर घसा फाडून तिच्या तोंडून निघालं ते असं:

"आई गं माझे आई, तुझं मरण ऐकलं,
देवाचे उपकार मानले, हेच माझं पाप झालं.
लेकरू नाही गेलं म्हणून जीव माझा हसला,
तुझ्यासाठी रडायाला डोळा माझा रुसला."

शोकाच्या तंबूत असलं कोणी गात नाही. दारात उभा असलेला तिचा भाऊ एक पाऊल आत आला, तिला गप्प करायला. पण बायकांच्या रांगेतलं गाणं थांबलं होतं आणि त्यांच्यातली एकही तिच्याकडे रागाने बघत नव्हती. कालबुबूने भिंतीकडचं तोंड न वळवता बहिणीचा हात कमरेवरून ओढून आपल्या हातात घट्ट धरला.

"मलापण बिश्केकला असंच सांगायला आले होते," ती हळूच म्हणाली. "मीपण हेच म्हणाले. फक्त मनातल्या मनात."

त्या रांगेत बसलेल्या एकूण एक बाईचा मुलगा रशियात होता.