पुठ्ठ्याचा रेडिएटर

आमच्या भावोजींइतका पुठ्ठ्यावर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या हुबळी-धारवाडात दुसरा सापडायचा नाही. तारिहाळच्या कारखान्यात ते दिवसभर लेथवर लोखंडाशी झटतात, पण घरात कुठलीही वस्तू यायच्या आधी तिची पुठ्ठ्याची जुळी बहीण यायची. दुर्गदबैलातल्या कापडदुकानांतून रिकामी खोकी मागून आणायचे, खिशातल्या व्हर्नियरने माप घ्यायचे आणि माझ्या कात्रीने कापायचे. फ्रीज घ्यायचा ठरला तेव्हा तीन आठवडे स्वयंपाकघरात पुठ्ठ्याचा फ्रीज उभा होता. त्याचं दार रोज उघडून बघायचं काम माझ्याकडे. "वैनी, भिंतीला लागतंय का बघा." मी पिठाच्या हाताने उघडायची, लावायची. तो फाटला तेव्हा कुठे खरा फ्रीज आला. चाळिशी उलटली तरी त्यांचं लग्न झालं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "ह्याला आधी पुठ्ठ्याची बायको पाहिजे, दारातून आत येते का बघायला." भावोजी रागवायचे नाहीत. "उंची सांग आई, कापतो," म्हणायचे.

नाद त्यांना एकच, कम्प्युटरवर मोटारी पळवायचा. एरवी सायकलसुद्धा नाही, सिटी बसने जायचं-यायचं. पडद्यावर मात्र घाटातून गाडी हाकायचे, आणि तिथेही वळताना आधी इशारा द्यायचे, मागच्याला वाट द्यायचे. म्हणून कायम शेवटचे. "गाडीला ओरखडा नाही, बघा," एवढ्यावर खूश. आणखी एक सवय म्हणजे काही ठरवायचं झालं की घरातल्या प्रत्येकाला विचारायचं, मलाही. मी चौथी शिकलेली. बाकीचे मला विचारतात ते आज भाजी काय, एवढंच. मी आपली म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं." ते तरी उत्तरासाठी थोडा वेळ उभे राहायचे.

तो कम्प्युटर होता पेटीएवढा, बाहेरच्या खोलीचा कोपरा अडवून बसलेला. इतका तापायचा की मी एकदा त्याच्यासमोर सांडगे वाळवले. आमची मुलगी दहावी होऊन पीयूसीला, म्हणजे अकरावीला गेली आणि आमच्या ह्यांनी भावोजींना सांगितलं, "तो कोपरा तिच्या टेबलाला लागेल. तुझं ते भिंतीतल्या कपाटात मावलं आणि आवाज नसला तर ठेव. नाहीतर तारिहाळलाच खोली बघ." हे मनाचे वाईट नाहीत, पण केशवापुरातल्या दोन खोल्यांत पाच माणसं, सगळेच दमलेले.

भावोजींनी लहानशा डब्यातला, पाण्याने गार होणारा कम्प्युटर करायचा ठरवला. आत पाणी नळीतून फिरतं, तापतं, मग रेडिएटरमधून जाताना पंख्याच्या वाऱ्याने निवतं, असं त्यांनी मला भाकरी थापताना समजावलं. प्रश्न रेडिएटरच्या मापाचा. एका पंख्याचा एकशे वीस मिलिमीटरचा, दोन पंख्यांचा दोनशे चाळीसचा, मोठ्या पंख्यांचा दोनशे ऐंशीचा. तिन्ही पुठ्ठ्याचे करून झाले. महिनाभर घरात जिथे हात घालावा तिथे रेडिएटर. चुकून दोनशे चाळीसवर मी गरम कुकर ठेवला, तर त्यांनी पुन्हा माप घेतलं आणि म्हणाले, "वैनी, अर्धा मिलिमीटर फुगला." सासूबाई कानडीत ओरडल्या, "साकु माडो अप्पा, पुरे झालं." शेवटी दोनशे चाळीस ठरला. खरा आला, पंख्यांसकट डब्यात चपखल बसला, डबा कपाटात बसला. केसभरही फरक नाही.

चालू केल्यावर अर्ध्या तासात पंखे किंचाळायला लागले. भावोजी पुटपुटले, "रेडिएटर लहान पडला." पुन्हा पुठ्ठा, पुन्हा कात्री. जाड करून बघितला, दोनशे ऐंशी तिरका घालून बघितला. झाकण लागेना. पुठ्ठा कधी तापत नाही, हे काही त्यांच्या ध्यानात येईना. मला दिसत होतं. कपाट तिन्ही बाजूंनी बंद. रेडिएटर कितीही मोठा घ्या, ऊन हवा तिथेच घुटमळणार. खिडकी लावून भाकऱ्या केल्या की माझं जे होतं तेच त्या डब्याचं होत होतं. कपाटामागे व्हरांडा आहे. भिंतीतली एक वीट काढली असती तरी भागलं असतं. एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "वैनी, तुम्हाला काय वाटतं?" शब्द जिभेपर्यंत आले. सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं." ते नेहमीसारखे थोडा वेळ थांबले. त्या रविवारी डबा मांडीवर घेऊन रिक्षाने तारिहाळला राहायला गेले.

मुलीचं टेबल ह्यांनी एका दुपारी सरळ विकत आणलं. आता बाहेरचं दार त्याला अडून अर्धंच उघडतं. आम्ही अंग चोरून आत-बाहेर करतो.

मागच्या आठवड्यात भावोजींचा फोन आला. "वैनी, इथे खिडकीत ठेवलाय. तोच दोनशे चाळीस. गार आहे, आवाज नाही. हवेला वाट पाहिजे होती, एवढंच."

"मला तेव्हाच वाटलं होतं," मी म्हटलं.

भावोजी म्हणाले, "मग बोलायचं की, वैनी. मी थांबलो होतो."

मी दाराचं सांगितलं. रविवारी येऊन बघतो म्हणाले, पुठ्ठा टाकू नका म्हणाले. त्या रविवारी ओव्हरटाइम निघाला. कात्री मी दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे.