मैनेची सोबत

आमच्या संगमनेरात बाबाजानभाईंची दोन गाढवं होती, बिजली आणि मैना. बिजली इतकी संथ की वरातसुद्धा तिच्यापुढं निघून जावी, आणि मैना ओरडली की प्रवरेपलीकडचा माणूस दचकायचा. नावं भाईंच्या बायकोनं, शरिफाचाचीनं ठेवलेली. तिला थट्टेची भारी हौस.

भाईंच्या वडिलांच्या काळी अंगणभर गाढवं असायची. जुन्या गल्ल्यांतली निम्मी घरं त्यांनी वाहिलेल्या विटांची. मग टेम्पो आले आणि उरली ही दोनच, बोळांतला राडारोडा काढण्यापुरती. गाढवाला मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तळ दिसल्याशिवाय मैना नदीत पाय घालत नसे. आमच्या पुढाऱ्यांना एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

कोविडात चाची दवाखान्यातच गेली. भाईंना तिचं तोंडही बघू दिलं नाही. मूलबाळ नव्हतंच. त्यानंतर भाई बोलायचे ते या दोघींशी.

यंदा होळीच्या आधी बिजलीनं लग्नातल्या उष्ट्यासोबत प्लॅस्टिकही खाल्लं आणि पोट फुगून ती मेली. मैनेला त्रास नको म्हणून भाईंनी तिला घरामागं बांधलं आणि बिजलीला माझ्या टेम्पोतून गुपचूप हलवलं. तेव्हापासून मैना दारात उभी, कान रस्त्याकडं. चारा हुंगायची आणि तोंड फिरवायची.

जनावरांच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. "आजार काही नाही. जोडीदारीण मेलेली हिला दाखवायला हवी होती, हुंगून समजतं त्यांना. आता ही वाट बघतेय. गाढवानं खाणं सोडलं की ते फार दिवस काढत नाही. दुसऱ्या गाढवांत सोडा हिला."

भाईंनी मैनेच्या मानेवरून हात फिरवला. "मला तरी ठावं असाय पायजे हुतं," म्हणाले. चाचीचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण मला तो दवाखाना आठवला.

रंगपंचमीला मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. मैनेला आम्ही तिथं नेलं. पाथर्डीकडचा कारभारी नावाचा माणूस भाईंच्या जुन्या ओळखीचा, माती वाहायला गाढवं बाळगून असलेला. त्यानं मैनेचं तोंड उघडून दात पाहिले आणि किंमत विचारली.

"दाम नको," भाई म्हणाले. "फकस्त हिला एकटी बांदू नको."

मैनेला त्याच्या गाढवांत सोडलं. एका करड्या गाढवीनं तिची मान हुंगली. मैनेनं तिच्या पाठीवर हनुवटी टेकली, आणि थोड्या वेळानं दोघी एकाच पेंढीला लागल्या. भाई बघत राहिले. मैनेनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. याच्यासाठीच तर आलो होतो, तरी मला तिचा राग आला.

"तुमी बी एक जोडी घिऊन जावा की, बाबाजानभाई," कारभारी म्हणाला. "घर लई सुनं व्हईल."

"अन् माज्यामागं त्यांचं कोन?"

कारभारी आणखी एक पेंढी सोडून गाढवांपुढं टाकू लागला. भाई कळपाकडं बघत म्हणाले, "त्यापरीस मलाच ठिव हितं."

कारभारी मोठ्यानं हसला. भाईही हसले, तो हसला म्हणून.