निळ्या पिंपातलं पाणी

लग्नकार्यात एखादी मावशी विचारते, "तू नक्की काय करतेस गं?" मी सांगते, "कचरा तपासते." मावशी मान डोलावते आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीकडे वळते. एकदा मात्र एक बाई फारच खनपटीला बसल्या. त्यांना मी जेवण आटपेपर्यंत सोडलं नाही, सगळं साद्यंत ऐकवलं. त्यांची जिलबी तशीच राहिली.

तर सगळं म्हणजे हे. अंधेरीच्या एमआयडीसीत आमची लॅब आहे. औषधांच्या, रंगांच्या कारखान्यांत माल तयार झाल्यावर मागे जे उरतं, म्हणजे डांबरासारखा गाळ, वापरून खराब झालेलं सॉल्व्हंट, तेलकट चिंध्या, त्याचे नमुने आमच्याकडे येतात. हा कचरा पूर्वी कुठेतरी पुरायचे, नाहीतर गुपचूप नाल्यात सोडायचे. आता त्यातला बराचसा सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जोडीने जाळतात. भट्टीत माल चौदाशे अंशांच्या वर तापतो, तिथे विषाचं काही चालत नाही. कोळसा वाचतो, आणि जी राख होते तीसुद्धा सिमेंटमध्येच मुरून जाते. पण भट्टीचेही नखरे असतात. कचऱ्यात पाणी किती, क्लोरीन किती, जड धातू किती, जळताना उष्णता किती देईल, हे आधी ठरलं पाहिजे. ते मी ठरवते.

एकदा भट्टी बघायलाही गेले होते. निळ्या काचेचा तुकडा डोळ्यांपुढे धरून आत पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले. तिथला ऑपरेटर हसला. "काही उरत नाही मॅडम," तो म्हणाला. मला ते वाक्य इतकं आवडलं की तेव्हापासून मी ते सगळ्यांना ऐकवत आले. बाबांना तर कितीदा. बाबा मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात तीस वर्षं हेल्पर होते. तो कारखाना आता नाही, तिथे टॉवर उभा आहे. "आमच्या वेळेला भिंतीपलीकडे ओतायचे," बाबा म्हणायचे. "तुमचं बरं आहे. जाळून मोकळे."

गेल्या उन्हाळ्यात एका औषध कारखान्याकडून नमुना आला. काचेची बरणी, आत काळपट दाट गाळ. आमच्या लॅबचा पहिला नियम आहे की कशाचाही वास घ्यायचा नाही. झाकण उघडायचं तेही हवा बाहेर खेचणारा पंखा चालू असलेल्या काचेच्या कपाटात. मी नवीन मुलींना या नियमावरून इतकं छळलंय की त्या मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी झाकण फिरवलं आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. पंखा थांबला. वास सरळ माझ्या नाकात शिरला.

गोडसर वास. मागून थोडा कडवट, ओल्या रंगासारखा.

आणि मला तहान लागली. खरंच सांगते, घसा कोरडा पडला आणि समोर पितळी तांब्या दिसला. शाळेतून धावत आलेय, दप्तर अजून पाठीवरच आहे, आणि मी उभ्याउभ्या घटाघटा पाणी पितेय. क्षणभर मला फार बरं वाटलं, घरी पोचल्यासारखं. मग कळलं की हा वास त्या पाण्याचा आहे.

"मॅडम, मास्क! झाकण लावा ना!" शेजारची मुलगी ओरडली. मी झाकण लावलं. वीज आली, पंखा फिरू लागला, आणि मी बरणीवरचं लेबल वाचत बसले. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. त्यात काय काय आहे ते मला वाचायची गरजच नव्हती.

आमचं घर घाटकोपरला, डोंगरावरच्या चाळीत. माझ्या लहानपणी नळ पहाटे तासभर यायचा, कधी तोही नाही. मी सात वर्षांची असताना बाबांनी कारखान्यातून एक निळं प्लॅस्टिकचं पिंप आणलं. डोक्यावर घेऊन डोंगर चढले होते. रिकामी पिंपं कामगारांना मिळायची, त्यासाठी नंबर लागायचे. आई-बाबांनी ते धुण्याच्या सोड्याने घासलं, चिंचेने घासलं, आठवडाभर उन्हात पालथं घातलं. मग त्यात पाणी भरलं. आमच्या आळीतलं ते पहिलं मोठं पिंप. लोक बघायला आले होते. पुढे बाबांनी एकेकाला करत करत पंधरा घरांना पिंपं आणून दिली. आजही चाळीत बाबांना जो मान आहे तो पिंपांचा आहे. पोरीबाळींच्या हंड्यांच्या खेपा वाचवल्या त्यांनी.

पाण्याला वास यायचा. आई त्यात वाळ्याची जुडी सोडायची. मला वाटायचं, साठवलेल्या पाण्याला असाच वास येत असणार. दोन-तीन वर्षांनी तो कमी झाला आणि मग येईनासा झाला. आई म्हणाली, "पिंप आता घराला लागलं." नवा तवा लागतो, नवा माठ लागतो, तसं.

ते पिंप अजून घरात होतं. आता नळ बरा येतो, पण बाबांचा म्युनिसिपालटीवर विश्वास नाही, आणि आईला मशीनचं पाणी बेचव लागतं. भाऊ-वहिनी कामावर जातात, त्यांची सहा वर्षांची मुलगी दिवसभर आजी-आजोबांकडे. ती त्याच पिंपातलं पाणी पीत होती.

त्या गाळाची तपासणी मी पूर्ण केली. क्लोरीन मर्यादेच्या कितीतरी वर. असला माल भट्टी सरळ घेत नाही. तो दुसऱ्या कचऱ्यात थोडा थोडा मिसळून, बेताबेताने द्यावा लागतो, नाहीतर भट्टीच बिघडते. एवढी मोठी भट्टी, आतली आग उघड्या डोळ्यांनी बघवत नाही अशी, तिला हे चमच्याने भरवायचं. आम्हाला तांब्याने पाजलं होतं. मी अर्धा दिवस रजा टाकली आणि घाटकोपर गाठलं.

रिक्षात मी नुसती पेटले होते. कारखान्याच्या मालकांवर, साहेबांवर, विषाची पिंपं बक्षीस म्हणून वाटणाऱ्यांवर. आणि बाबांवरही. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं आत काम करून एवढंही कळू नये? डोंगराच्या पायऱ्या चढताना मी मनातल्या मनात त्यांना बरंच सुनावलं.

आई दारातच होती. आम्ही मालवणकडचे. घरात लाडात आणि रागात मालवणी निघते. "काय गो, आज दुपारचीच इलंस?"

मी बॅगेतून नमुना घ्यायची लांब नळी काढली. आमच्याकडे पद्धत अशी की वरचं, मधलं आणि तळाचं, तिन्ही ठिकाणचं घ्यायचं, कारण वाईट ते बहुतेक तळाशी बसतं. मी पिंपाचं झाकण काढलं आणि नळी आत सोडली. बाबा खुर्चीतून उठून आले. भाची पेन्सिल हातात धरून बघत राहिली.

"ह्या पिंपाक काय धाड भरली?" बाबांनी विचारलं.

"बाबा, यात आधी काय होतं?"

"केमिकल."

"कुठलं?"

"आमाका नावां कोण सांगता? लाल लेबल होतं. कवटीचं चित्र."

माझ्या हातातली नळी तशीच राहिली. "चित्र बघून तुम्ही आणलंत?"

"ब्लेडने खरवडून काढलं ना ते." बाबा शांतपणे म्हणाले. "बाकीच्यांची पिंपं चांगली होती. साखरेच्या पाकाची, ग्लिसरीनची. पहिल्या लॉटात एकच तसलं आलं. माझा नंबर पहिला होता, मी चांगलं उचलू शकलो असतो. पण मग तसलं दुसऱ्या कुणाच्या घरी गेलं असतं."

"म्हणून आपल्या घरी आणलंत?"

"दुसऱ्याक तसला कसा देतलंय?" त्यांचा आवाज जरा चढला, मी काही भलतंच विचारल्यासारखा. "त्यांनी नीट धुतलं असतं की नाही, कोण जाणे. तुझ्या आईचं धुणं मला माहिती. सात पाण्यांनी धुतलं तिने. आपल्याक चलता."

मी पिंपाला टेकून खालीच बसले. बाबांना कळत नव्हतं, असं मी धरून चालले होते. त्यांना कळत होतं. थोडंसं कळत होतं, आणि तेवढ्या कळण्यावर त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी घर वाचवलं आणि आपलं घर पुढे केलं. यात माझ्या वडिलांचा चांगुलपणा होता. मी त्याच्यावर कशी ओरडणार? मला रडू आलं. भाचीने येऊन माझ्या गळ्यात हात टाकला, म्हणाली, "आत्या, पडलीस का?"

बाबा पिंप हलवू देईनात. "आधी तपास, मग बोल. तुझी लॅब कशाला आहे?" शेवटी मी थाप मारली की तपासणीसाठी पिंप आठ दिवस कोरडं ठेवावं लागतं. आईने पाण्यासाठी स्टीलचे डबे घासायला घेतले.

लॅबमध्ये आमच्या साहेबांना सांगितलं, घरचं सॅम्पल आहे. "कर ना यार, कोण विचारतंय," ते म्हणाले. मी तिन्ही थरांचं पाणी लावलं. पिंपाच्या आतल्या बाजूचं प्लॅस्टिक खरवडून आणलं होतं, तेही लावलं. त्या दिवसांत मला आईच्या बीपीच्या गोळ्या आठवल्या, बाबांचा जुना खोकला आठवला, माझ्या अंगावर लहानपणी उठायचे ते चट्टे आठवले. यातलं काय कशामुळे झालं, हे कुणीही डॉक्टर सांगू शकणार नाही. मीही सांगत नाही. पण आठवत मात्र राहिलं.

रिपोर्ट आला. पाण्यात, सापडले नाही. प्लॅस्टिकमध्ये, सापडले नाही. मी मशीन पुन्हा तपासलं आणि सगळं पुन्हा लावलं. तेच. रिपोर्ट हातात धरून मी लॅबमधल्या खुर्चीत बसून राहिले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण पहिली दोन-तीन वर्षं पाण्याला वास आला होता, ते मी विसरू शकत नव्हते.

रविवारी तो कागद मी घरी नेला. बाबांनी चष्मा लावला, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून निघून जावंसं वाटलं. "बघ! सापडले नाही. सांगत होतो ना मी?" ते कागद घेऊन दारात गेले, समोरच्या काकांना हाक मारली. "अहो, आमच्या पोरीने लॅबमध्ये तपासलं! आपल्या पिंपात काय्येक नाही. एकदम झकास!" काकांनी हात वर केला. बाबा परत आले, पिंप कोपऱ्यातून ओढून जागेवर आणू लागले. मी ठरवलं होतं की पिंप आज ना उद्या काहीतरी सांगून बाहेर काढायचं, आपल्या भट्टीच्या मालात घालायचं, आणि या माणसाला पुढचं काही सांगायचं नाही. त्यांना हा कागद राहू दे.

आई मोरीपाशी तांब्या पुसत होती. इतके दिवस ती या विषयावर एक शब्द बोलली नव्हती. तांब्या पुसतापुसताच तिने विचारलं, अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ घातलं का विचारावं तसं.

"पाण्याक तेव्हा वास होतो, तो गेलो खंय?"

बाबांचे हात पिंपावर थांबले. मी खाली बघितलं. काही उरत नाही, हे मीच त्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं होतं. बाबांनी कागद पुन्हा उचलला, पुन्हा चष्मा लावला, पण ते वाचत नव्हते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोक्यापासून पायांपर्यंत, मी अजून दप्तर पाठीवर घेऊन उभी असल्यासारखं.

"तुका तेव्हा तहान किती लागायची गो," बाबा म्हणाले.