रिकामी गव्हाण

आमच्या घरच्या नाताळच्या गोठ्याबद्दल मी वर्षानुवर्षं थापा मारत आलोय. छप्पर इतकं पक्कं की नगरपालिकेचा माणूस घरपट्टी लावायला आला. उंट एवढा उंच की त्याची मान खिडकीबाहेर काढून ठेवावी लागते. लोक हसतात, करंज्या खातात, जातात.

यंदाही येशूजन्माचा गोठा उभा केला. खाली तांबडी माती, कडेने उगवलेली नाचणी, गव्हाणीत भाताचा पेंढा. मरिया, योसेफ, बैल, मेंढरं जागच्या जागी. येशूबाळ मात्र चर्चमधल्या नाताळच्या मिस्सेहून आल्यावरच ठेवायचं, तेही आमच्या एकुलत्या मुलाने, असा घरचा रिवाज.

मुलगा मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळतो. वारा फिरला तशा बाकीच्या बोटी बंदराला लागल्या, त्याची नाही. फोन बंद. काल आम्ही दोघं बंदरावर वाट बघत होतो, तिथे मी सांगत सुटलो, "बोट बुडाली तर पोरगा इंजिन खांद्यावर टाकून पोहत येईल." कोणी हसलं नाही.

मिस्सा झाली. बायकोने कपाटातलं बाळ कापसातून काढलंच नाही. शेजारच्या मावशी फराळ घेऊन आल्या, गोठ्यात वाकून बघू लागल्या.

"बाळ कुठाय गो?"

"यायचंय," बायको म्हणाली.

मी लगेच सुरू. "खेडला त्याची गाडी चुकली, मावशी. आता एसटीने..."

"पुरे. तो योसेफ बघा," बायको म्हणाली. "त्याच्या तोंडचा एक शब्द लिहिलाय कुठे? बायको अडलेली, जागा कोणी देईना, हातात काही नाही. तरी तिच्याजवळ उभा राहिला. तेवढं जमवा."

मावशी ताट ठेवून गुपचूप गेल्या. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. आजवर मला गव्हाण म्हणजे सजावट वाटायची. आता नुसती गुरांना वैरण टाकायची जागा दिसत होती. देवाला यायला तेवढीच मिळाली. आणि एवढं खाली येऊनही आमचं पोर समुद्रातून काढता येत नसेल, तर आला कशाला? हे मी तिला मोठ्याने विचारलं.

 ती उठली, कपाटातून बाळ काढलं, पदराने पुसलं.

"आपलं आलं नाही म्हणून मरियेचं का बाहेर ठेवायचं? गारठा आहे."

पेंढा सारखा करून तिनेच त्याला निजवलं. मग आम्ही दोघं बंदरावर गेलो, कालच्यासारखेच.