इथंच तर आहे!

डेटाबेस मी चुकीच्या जागी ठेवला. चूक पूर्ण माझी; दुसऱ्या कोणाला त्यात वाटा दिला नाही.

रत्नागिरीतल्या एका मासळी निर्यात कंपनीचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. ऑफिसातला जुना सर्व्हर थकला, म्हणून सगळं क्लाउडवर न्यायचं ठरलं. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतले भाड्याचे कॉम्प्युटर, एवढंच. आमचा प्रोग्राम मी एका कंपनीच्या क्लाउडवर टाकला. डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदींचं कपाट, ते कपाट बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर. दोघी एकमेकींच्या कट्टर स्पर्धक.

मालक अण्णांनी विचारलं, "दोघांत अंतर किती रे?"

"इथंच तर आहे! दोन्ही मुंबईतच."

आपल्याकडचं 'इथंच' किती लांब असतं, ते पायी चालणाऱ्या पाहुण्यांना विचारावं.

सोमवारी सकाळी पहिला माल आला. वजनकाट्यावर सुलूमावशी. पूर्वी बाजारात मासे विकायची, आता सुपरवायझर. तिने सुरमईचा टब ठेवून बटण दाबलं. लेबल येईना. लेबल नाही तर मासा कुठल्या होडीचा याचा पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय कंटेनर हलत नाही. स्क्रीनवर चक्र फिरत होतं, टबात बर्फ वितळत होता.

एक टब नोंदवायला आमचा जुना प्रोग्राम डेटाबेसला हजारो प्रश्न विचारतो. एकाचं उत्तर आलं की मगच दुसरा. दोघे एका खोलीत होते तोवर हे खपलं. आता प्रत्येक प्रश्न मुंबई ओलांडून जाणार, उत्तर मुंबई ओलांडून येणार. या उशिराला लेटन्सी म्हणतात. अण्णा जे म्हणाले ते इथे लिहीत नाही.

मी दोन्ही कंपन्यांना फोन केले. पहिली म्हणाली, "आमच्याकडे ओके आहे, त्यांना विचारा." दुसरीही तेच म्हणाली, फक्त जास्त गोड आवाजात.

"शुक्रवारपर्यंत धावलं नाही, तर जुना सर्व्हर परत लावीन," अण्णा म्हणाले. "आणि माणूस नवा आणीन."

मी काट्यापाशी डोकं धरून बसलो. मावशी तात्पुरती लेबलं हाताने लिहीत होती.

"त्या दोघींना एकत्र बसव ना मेल्या."

"मावशी, त्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत!"

"मी नि गंगी तरी कुठे बघायचो? बाजारात रोज शिव्या. पण सुरमई माझी, विळी गंगीची. मी विकायची, तिने कापायची. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल कशाला? तू विचारलंस तरी का?"

विचारलं नव्हतं. मेलबॉक्स उघडला. कचऱ्याच्या फोल्डरात पहिल्या कंपनीचा मेल होता. जाहिरात समजून मीच न वाचता फेकलेला. दोघींनी हातमिळवणी केली होती! दुसरीची डेटाबेसची मशिनं आता पहिलीच्याच इमारतीत बसवली होती. डेटाबेस तोच, लायसन्स जुनंच चालणार, आणि तक्रार एकदाच करायची; कोणाच्या बाजूला बिघाड आहे ते त्यांनी आपापसात भांडून ठरवावं.

कपाट तिकडे हलवेपर्यंत गुरुवारची संध्याकाळ झाली. शुक्रवारी मावशीने टब ठेवला, बटण दाबलं. टर्रर्र करून लेबल बाहेर. दुसरा टब, दुसरं लेबल. मावशीने शीळ घातली. अण्णांनी सगळ्यांसाठी सुरमई तळायला सांगितली, आणि पहिली तुकडी माझ्या ताटात वाढली. कंटेनर वेळेत सुटला.

धडा एवढाच: स्पर्धक आपल्या गिऱ्हाइकासाठी केव्हाच एकत्र येतात, त्यांचं भांडण आपणच जपून ठेवलेलं असतं.

हात धुवून गेटवर आलो, तर एक गाडी थांबली. "दादा, गणपतीपुळे किती लांब?"

"हे काय, इथंच—"

"ओ पाहुणे!" मागून मावशी ओरडली. "त्याला नका विचारू. त्याच्या 'इथंच'पायी आम्ही चार दिवस हाताने लेबलं लिहिलीयत!"